तणसातल्या शिशा

भागीरथाबाई रस्त्यानं येताना दिसली की सावली तालुक्यातले पिणारे गडी वाट बदलत. दारूबंदीसाठी बायांचा मोर्चा निघाला तेव्हा ती सगळ्यांत पुढे होती, आणि दारूसाठी आंबत घातलेल्या मोहाच्या सडव्याचे माठ तिनं स्वतःच्या हातानं नाल्यात पालथे केले होते. पुढे जिल्ह्यात बंदी आली, काही वर्षांनी उठलीही. भागीरथाबाईचा धाक मात्र उठला नाही.

म्हणून एका दुपारी ती टोपलं घेऊन बारच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा आतल्या मंडळींचा घोट घशातच अडकला. दोघं तर टेबलाखाली वाकून चप्पल शोधायला लागले.

"उठू नका जी," ती म्हणाली. "आरामात संपवा. मले फक्त रिकाम्या शिशा पाहिजे."

हे खूळ तिच्या सुनेनं, रीतानं आणलं होतं. बचत गटाच्या प्रशिक्षणाला रीता चंद्रपूरला गेली आणि येताना अर्धी कापलेली दारूची शिशी घेऊन आली. आत मेण ओतलेलं, मधोमध वात. भागीरथाबाईनं आधी नाक मुरडलं. पण दिवे गेले तेव्हा रीतानं ती वात पेटवली आणि हिरव्या काचेतून असा काही उजेड भिंतीवर उतरला, की सासू चुलीपुढून उठून बघायला आली.

"दारू ज्याच्या पोटात गेली त्याच्या पोटात गेली," ती शेवटी म्हणाली. "काचेचा का गुन्हा?"

झालं, गट कामाला लागला. थिनरमध्ये भिजवलेला दोरा शिशीला बांधायचा, पेटवायचा आणि शिशी थंड पाण्यात बुडवायची. कड्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे. खालच्या भागाची मेणबत्ती, वरच्याची घंटी किंवा झुंबर. पहिल्या आठवड्यात बायांनी इतकी काच फोडली की भागीरथाबाईला मोर्च्याचे दिवस आठवले. मग हात बसला.

अडचण निराळीच आली. गावातला लटारू, ज्याला ती भर चौकात कितीदा बोलली होती, तो दिवसाढवळ्या छाती काढून अंगणात यायला लागला आणि दोन्ही हातांनी शिशी पुढे करायला लागला.

"बाई, तुमच्याच कामासाठी पेऊन राह्यलो. नाईतर मले का हौस हाये?"

मागोमाग त्याची बायको आली. "पहिले लपून पेत होते, आता म्हणते, बायांच्या गटाले मदत करून राह्यलो! तुमीच सांगा, मी आता कोणत्या तोंडानं बोलू?"

भागीरथाबाईनं त्याच दिवशी फर्मान काढलं, की शिशा घ्यायच्या त्या बारमधून आणि भंगारवाल्याकडून. कोणाच्याही घरची शिशी चालणार नाही. लटारूचं तोंड इतकं उतरलं की तिला त्याला पाण्याचा ड्रम भरायचं काम द्यावं लागलं.

असं सगळं मार्गी लागत असताना ऊर्जानगरहून दीपाली आली. वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची. बहिणीची हळद होती आणि अंगणभर मेणबत्त्या लावायच्या होत्या. रीतानं मांडलेल्या नमुन्यांतून तिनं नेमकी एकच उचलली. चौकोनी खांद्याची उंच शिशी, आणि काचेतच उठवलेला मोर.

"सगळ्या अशाच हव्यात," ती म्हणाली.

रीता हरखून हो म्हणून बसली. ती शिशी तिला बांधावर पडलेली सापडली होती, तशी दुसरी कुठंच नव्हती. बारवाल्यानं मान हलवली. भंगारवाला म्हणाला, हा माल इकडे कोणी विकतच नाही. हळद जवळ आली तशी भागीरथाबाईचा जीव कासावीस झाला. गटाचा शब्द जाणार होता. ताट पुढ्यात यायचं आणि तसंच परत जायचं.

तिचा नवरा नानाजी हे सगळं पाहत होता. नानाजी म्हणजे गावातला आदर्श. मोर्च्यात माइक हातात आला की भागीरथाबाई न चुकता सांगायची, "आमच्या घरच्यायनं आजपर्यंत थेंबाले बोट नाई लावलं!" तेव्हा नानाजी खाली मान घालून बसायचा, आणि लोक म्हणायचे, काय विनय आहे.

एका दुपारी तो गोठ्यामागून पोतं घेऊन आला. पोतं खळखळत होतं.

"सापडल्या," एवढंच तो म्हणाला.

भागीरथाबाईनं पोत्यात हात घातला. मोर. पुन्हा मोर. सगळ्या मोराच्या. "कुठी सापडल्या?"

"तणसाच्या ढिगात." त्यानं गोठ्यामागच्या भाताच्या पेंढ्याकडे बोट केलं.

"आपल्या ढिगात? कोणं ठेवल्या?"

नानाजी गोठ्यातल्या गाईकडे पाहायला लागला, जणू तीच सांगणार होती. भागीरथाबाईनं एक शिशी उजेडात धरली. लेबलावर तेलुगू अक्षरं होती. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बंदीच्या दिवसांत हा माणूस सारखा राजुऱ्याच्या पलीकडे, तेलंगणातल्या बाजाराला बैल पाहायला जायचा. एवढ्या वर्षांत त्याला एकही बैल पसंत पडला नव्हता.

शेजारी उभ्या रीतानं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"आता पेता का?" भागीरथाबाईचा आवाज फार शांत होता.

"नाई. बंदी उठली आन् सोडली. कुठीबी भेटाले लागली, तर मजाच गेली."

"मंग आज काऊन काढल्या? मेल्यावरबी मले समजलं नसतं."

"तू जेवून नाई राह्यली," नानाजी म्हणाला. "मले पाहवत नव्हतं."

तिला रडावं की पोतं त्याच्या डोक्यात घालावं, कळेना. तेवढ्यात ड्रम भरायला लटारू आला. पोत्यात डोकावला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जन्माचा आनंद पसरला. "नानाजीभाऊ! तुमीबी?"

आता झाकण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी गटाच्या बैठकीत भागीरथाबाई स्वतःच उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. कोणी हसेल तर काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून आली होती. पण कोणी हसलं नाही. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या आणि भराभर घरी निघाल्या.

सकाळी अंगणात रांग लागली. कोणाच्या शिशा माळ्यावर निघाल्या, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे, तर एकीच्या चक्क देव्हाऱ्याखालच्या फळीत. मोराच्याच किती तरी होत्या. त्या वर्षांत सगळं गावच बैल पाहायला गेलेलं दिसत होतं. नवरे मंडळी कुंपणापलीकडे उभी होती, गंभीर तोंडं करून, मयतीला आल्यासारखी. भागीरथाबाईनं नानाजीपुढे पाण्याची बादली आणि घासणी ठेवली. "लेबल काढा. सगळ्यायच्या देखत." कुंपणापलीकडच्यांनाही तिनं हाक मारली, आणि एकेक जण मुकाट्यानं आत येऊन बसला.

हळदीच्या संध्याकाळी ऊर्जानगरच्या अंगणात काचेतले मोर उजळले. बाया फोटो काढायला लागल्या. दीपालीनं कौतुकानं विचारलं, "इतक्या सारख्या मिळाल्या तरी कुठून?"

"घरोघरच्या लोकायनं जपून ठेवल्या होत्या," भागीरथाबाई म्हणाली.

आठवडाभर तरी नवऱ्याशी बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. नानाजी कोपऱ्यात उकिडवा बसून विझलेली एक वात पेटवत होता. वाऱ्यानं काडी विझायची, तो दुसरी ओढायचा. तिनं ते पाहिलं. मग जवळ जाऊन बसली आणि वाऱ्याच्या बाजूनं पदर धरला.

"लवकर लावा," ती म्हणाली. "मले भूक लागली."