वाय-फायला लावलेलं गंध

मंदाकाकूंनी मदत केली नसती, तर माझ्या मुलीचं नाव आज स्वीटी असतं.

काकू म्हणजे इंदूरमधल्या माझ्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. काकूंनी स्वतः मात्र सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये खुर्चीवर बसून केली. मुलगा परदेशी गेल्यावर त्याची वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली, तीही त्याच्या कॉम्प्युटरसकट. ‘वापर रे, पडून पडून सडून जाईल,’ म्हणाल्या. मी लातूरकडचा. आठवीत आधी गणिताने मला सोडलं, मग मी शाळा सोडली. आता सांवेर रोडवर मिठाईचे खोके बनवतात त्या कारखान्यात आहे. अशा माणसाच्या हाती कोणी कॉम्प्युटर देतं का? काकूंनी दिला!

मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा मी खळीच्या पिंपाजवळ उभा होतो. ‘मुलगी!’ एवढं ऐकलं आणि फोन हातातून सुटून थेट खळीत! (तो अजून माझ्याकडे आहे. आतल्या सगळ्या वस्तू एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आहेत.) काकूंनी मग त्यांचा जुना बटणांचा फोन दिला. त्यात बोलता येतं, दिसत काही नाही.

दिवाळीच्या तोंडावर खोक्यांच्या कारखान्यात रजा मागणं म्हणजे वरातीत नवऱ्याचा घोडा मागणं. सुट्टी फक्त दसऱ्याची, एक दिवस. बारसं नेमकं त्याच दिवशी, पण गावी जाऊन यायचं तर एका दिवसात कसं जमणार? त्यात आईचा नियम, बारशापर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते. म्हणजे बारा दिवस मी बापही होतो आणि मुलगी कशी दिसते ते मला माहीतही नव्हतं.

ते बारा दिवस मी झोपेतच चालत होतो. प्रत्येक खोक्याच्या झाकणात एक चेहरा दिसायचा. कधी आईसारखं नाक, कधी बायकोसारखी हनुवटी. एकदा पाव किलोच्या खोक्यावर किलोचं झाकण ठेवलं. ते टोपडं घातल्यासारखं दिसलं, म्हणून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो. सुपरवायझर म्हणाले, “भिया, डब्बा है, गोद में मत लो.” (भिया म्हणजे इंदूरचा भाऊ.)

अशाच तंद्रीत नाव सुचलं. कोणाला सांगितलं नाही. माझी बहीण शालू, म्हणजे बाळाची आत्या, बाळाच्या कानात नाव सांगणार होती. तिला मी ऐटीत कळवलं, “दसऱ्याला चार वाजता कॉम्प्युटरवर दिसेन. आधी तोंड बघेन, मग नाव सांगेन!”

आणि मग आली खंडेनवमी.

काकूंकडे त्या दिवशी पूर्वजांची तलवार निघते. पाटावर ठेवून तिला गंध, अक्षता, झेंडू. काकू म्हणाल्या, “ज्याचं जे हत्यार असेल ते आण रे. माझा मुलगा तर कॉम्प्युटरलाही फूल वाहत होता.” मी खोके कापायचा कटर ठेवला. मग वाटलं, उद्या ज्याच्या जिवावर मुलगी दिसणार त्याला नुसतं फूल? आख्खा डबा खाली आणणं जमेना. म्हणून त्याच्या पाठीमागे खोचलेला, नखाएवढा, निळा दिवा लुकलुकणारा वाय-फायचा अॅडॅप्टर उपटला आणि प्रतिनिधी म्हणून तलवारीशेजारी ठेवला! चांगलं ओलं गंध लावलं, मूठभर अक्षता टाकल्या. (कटरला एवढ्या नव्हत्या टाकल्या.) संध्याकाळी परत खोचला. निळा दिवा लागला नाही. मला वाटलं, देवाजवळून आलाय, दमला असेल.

दसऱ्याला दुपारी तीनला कॉम्प्युटर लावला. नेट नाही! शेजारचे राजेश भिया धावून आले. त्यांचं शेवेचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरचं त्यांना सगळं येतं, असं त्यांचंच म्हणणं आहे.

“टेंशन मत लो भिया. बंद करो, चालू करो.”

केलं. काही नाही.

“फिर से करो.”

फिर से केलं. पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली.

“काय लिहिलंय?” मी घाबरून विचारलं.

“लिखा है, जो पीछे लगा है उसको पहचान नहीं रहा.”

कालपर्यंत शेजारी राहणारा, आज ओळख दाखवत नाही! भियांनी मोबाइलची बॅटरी लावून डब्याची पाठ पाहिली, पोट पाहिलं, अॅडॅप्टर एका भोकातून काढून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात घातला. मग निकाल दिला, “राउटर नीचे रसोई में है न? दूर पड़ रहा है बेचारे को.”

झालं! आम्ही डबा, पडदा, कॅमेरा, कीबोर्ड, सगळं जिन्यावरून खाली आणलं. स्वयंपाकघरात ओट्यावर, लोणच्याची बरणी आणि पिठाचा डबा यांच्या मध्ये कॉम्प्युटर मांडला. राउटर हातभर लांब. तरी नाही! भिया मोबाइलचा उजेड पाडत ओट्याखाली रांगत होते, मी माउस छातीशी धरून उभा होतो, आणि बटणांचा फोन वाजला.

“दादा, दिसत का नाहीस?” शालू ओरडत होती. “पाळणा बांधलाय, बाया आल्यात, घुगऱ्या निवाल्या! फोनवर सांग नाव!”

“तोंड पाहिल्याशिवाय नाही सांगणार.”

“मग साडेचारला मी माझ्या मनाने ठेवते.”

“काय ठेवशील?”

“स्वीटी.”

मी फोन ठेवला. मिठाईचे खोके बनवणाऱ्याच्या मुलीचं नाव स्वीटी! कारखान्यात जन्मभर हसले असते. पण खरं सांगायचं तर नावाचं दुःख मागाहूनचं होतं. तिचं पहिलंवहिलं तोंड सगळं गाव बघणार होतं, आणि मी लोणच्याची बरणी बघत होतो. डोळे भरून आले.

एवढ्यात काकूंची दुपारची झोप मोडली. दारात उभ्या राहून त्यांनी ओट्यावरचा संसार पाहिला.

“हे काय करून राहिले तुम्ही दोघं?”

“वायरस आ गया काकीजी,” भिया ओट्याखालून बोलले.

काकूंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. “हे बघ, एक्सचेंजला तक्रार आली न, तर काय बिघडलं हे आम्ही विचारतच नव्हतो. विचारायचो, काल घरात काय झालं? लाइन आपल्या मनाने मरत नाही. कोणाचा तरी हात लागलेला असतो. बोल, काल याला हात कोणी लावला?”

“कोणी नाही काकू.”

“नक्की?”

“नक्की. फक्त पूजा केली.”

काकूंनी डब्याची पाठ आपल्याकडे वळवली. मग अॅडॅप्टर काढून नाकाशी नेला. “भिया, तुमच्या वायरसला चंदनाचा वास येतोय.”

त्याच्या तोंडात अक्षतेचा एक दाणा अडकला होता, आणि वर वाळलेल्या गंधाचा लेप! काकूंनी केसांतल्या आकड्याने दाणा काढला. त्या रोज इन्सुलिन घेतात, त्या डब्यातलं स्पिरिट कापसाला लावून त्यांनी गंध पुसलं. ज्या ज्या भोकांत भियांनी प्रसाद वाटला होता, तीही पुसली. मी मदत म्हणून फुंकर घालायला वाकलो.

“थांब! थुंकी जाते. पाच मिनिटं वाळू दे.”

ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात पिठाचे कण तरंगत होते. दूर कोणाकडे तरी मिरच्या तळत होते. आम्ही तिघं त्या एवढ्याशा तुकड्याकडे बघत बसलो होतो, तोच जणू पाळण्यात निजला होता आणि उठवायची कोणाची हिंमत नव्हती. घड्याळात चार पंचवीस.

काकूंनी तो खोचला. निळा दिवा एकदा लुकलुकला. विझला. मग लुकलुकतच राहिला.

आणि पडद्यावर माझी मुलगी आली! नाक आईसारखं नाही, हनुवटी बायकोसारखी नाही. बारा दिवस झाकणांत पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी एकही नाही. तिने माझ्याकडे बघून मोठी जांभई दिली.

“बघितलंस ना तोंड? आता सांग नाव!” शालू म्हणाली.

मी तोंड उघडलं. नाव नाही! बारा दिवस जपलेलं नाव डोक्यातून पार गेलेलं! पडद्यावर पन्नास बाया माझ्याकडे बघत होत्या आणि मी नुसता रडत होतो.

“स्वीटी ठेवू?”

“घबरातो काय रे?” काकूंनी पेला पुढे केला. “पाणी पी. नर्मदेचं आहे, थंड वाटेल.”

“रेवा!” मी ओरडलो. “रेवा, रेवा!” रेवा म्हणजे नर्मदाच; तिच्या पाण्यानेच तर मला परमुलखात जगवलं होतं, त्यावरूनच सुचलेलं नाव ते. शालू पाळण्यात वाकली आणि बाया गाऊ लागल्या.

सगळं शांत झाल्यावर शालूने बारीक डोळे करून विचारलं, “दादा, तुझ्यामागे उभ्या भाऊंच्या हातात काय आहे?”

मी वळून पाहिलं. राजेश भिया मोबाइलवर सगळ्या सोहळ्याचं शूटिंग करत होते.

“यातून दिसलो असतो ना आपण?” मी क्षीण आवाजात विचारलं.

“एकदम साफ दिखते भिया! नया फोन है,” ते म्हणाले. “पर किसी ने मांगा ही नहीं.”

त्या दिवशी मी काकूंच्या पाया पडलो. म्हटलं, “काकू, रेवाला इंदूरला आणेन आणि पहिल्यांदा तुमच्या मांडीवर बसवेन. तुमचे उपकार एक दिवस फेडेनच.”

“फेडायचेच आहेत न? मग पुढच्या खंडेनवमीला कॉम्प्युटरला दुरूनच नमस्कार कर.”

मी शब्द पाळला. यंदा कॉम्प्युटरला अगदी दारातून हात जोडले. काकू, बाकीचे उपकारही फेडेन, नक्की फेडेन. आधी तो राउटर वाळू दे.