गिरमिटात गॅस

हमदुल्ला सारंगाच्या नाकावर राग कायम बसलेला, हे हर्णै बंदरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. लाँचच्या इंजिनावर चिडायचा, इंजिन चालू झालं की लाँचच्या मालकावर चिडायचा. साजिदाशी निकाह लागला त्या दिवशीही मंडपातल्या बंद पडलेल्या गॅसबत्तीवर चिडून नवरदेव स्वतः पिन मारायला बसला होता म्हणे. असा हा माणूस अबू धाबीला गेला तो रागासकट गेला. तिकडे तेल सापडलं होतं, कामं निघाली होती, आणि हात चालतोय तोवर मेकॅनिकच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं.

त्याचा कॅम्प होता शहरापासून लांब, सबख्यात. सबखा म्हणजे खारट रण. वर मिठाची पांढरी, कडक साय, खाली चिखल. त्यातून टेलिफोनच्या खांबांची ओळ टाकायची होती. पहार मारून मारून मजुरांच्या हातांची सालटी निघाली. फोरमन गॉर्डन साहेब कॅनडाचा. तो एक दिवस त्या पांढऱ्या जमिनीवर बूट आपटून म्हणाला, ‘हे तर आमच्या तळ्यासारखं झालं!’ आणि त्यानं घरून स्वतःचं गिरमिट मागवलं.

गिरमिट म्हणजे सुताराचं नव्हे. पुरुषभर उंचीचा लोखंडी स्क्रू, वर लहानसं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन मुठी. साहेबाच्या मुलखात थंडीत तळं गोठतं, त्या बर्फाला या यंत्रानं भोक पाडायचं आणि आत गळ सोडून बसायचं.

हे ऐकून हमदुल्ला आधी साहेबावरच भडकला. ‘अरे, आमच्या सात पिढ्या दर्यावर गेल्या. मासे धरायला भोक पाडताना कुणी बघितलंय? आम्हाला काय येडा समजतो काय हा?’

पण यंत्र हातात आलं आणि गडी विरघळला. दुबईच्या लोहाराकडून त्यानं पात्यांना मातीला पुरतील असे कडक दात लावून आणले. संध्याकाळी काम सुटलं की गिरमिट गोड्या पाण्यानं धुवायचा, कारण मीठ लोखंड खातं. त्या पाण्यावरून भटारी यूनुसशी रोज भांडण. ‘माणसांना प्यायला पुरत नाही आणि तुझ्या लाडक्या लेकीला आंघोळ?’ यूनुस ओरडायचा. हमदुल्ला वर तेलाचा हात फिरवायचा, प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायचा, पात्यांना कानस लावायचा. तेल मिसळलेलं पेट्रोल मलमलीतून गाळल्याशिवाय टाकीत जात नसे. दुसऱ्या कुणी मुठीला हात लावला की संपलंच.

साहेब पेट्रोलला ‘गॅस’ म्हणायचा. हळूहळू हमदुल्लाही म्हणायला लागला. ‘गॅस संपला’, ‘गॅस आण’, ‘गॅसमध्ये पाणी आलंय’. ऐटीत, नाकातून. यूनुस म्हणायचा, ‘पेट्रोलला पेट्रोल म्हणताना दात दुखतात काय रे तुझे?’

अशात नूरुद्दीन कॅम्पवर आला. नूरुद्दीन म्हणजे साजिदाचा सख्खा भाऊ. हमदुल्लाच्याच वयाचा, हाफिजाचा नवरा, तीन मुलींचा बाप, शांत इतका की शेजारी बसला तरी पत्ता लागू नये. घरची होडी विकून निघाला होता. नाखवानं त्याला फुजैराच्या बाजूला छातीभर पाण्यात उतरवलं आणि लाँच फिरवली. डोंगर तुडवत, खजुरावर दिवस काढत तो हमदुल्लापर्यंत पोचला. हमदुल्लानं आधी त्याला चारचौघांत झाडला, ‘होडी विकली? अक्कलही विकलीस काय?’ आणि मग साहेबाच्या मागे लागून कामाला लावला. काम कॅम्पबॉयचं. पाणी आणायचं, तंबू झाडायचे, संध्याकाळी गॅसबत्त्या भरायच्या. या कामावरून निघाला असता तर परत लाँच, परत हर्णै, आणि तिथे आता होडीही नव्हती. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी ऑफिसातले बडे साहेब खांब बघायला आले होते. गॉर्डन साहेबाला मिरवायची हौस आली. गिरमिट आज मीच चालवणार म्हणाला. सकाळची दोन-चार भोकं झकास पडली. तेवढ्यात लॉरीचा पाटा तुटला म्हणून हमदुल्ला लॉरीखाली उताणा पडलेला. पाठीला जमीन भाजतेय, तोंडावर ग्रीस गळतंय, अशात साहेबाची हाक आली, ‘गॅस!’

‘नूऱ्या!’ हमदुल्ला खालूनच गरजला. ‘गॅस भर गिरमिटात. यल्ला, लवकर!’

‘गॅस? गिरमिटात?’

‘मग काय माझ्या तोंडात भरतोस? बहिरा आहेस काय?’

‘तेल घालायचं ना त्यात?’

‘नाही, मध घाल! तुझं डोकं पण घाल!’

नूरुद्दीननं तेल घालून, नीट ढवळून, एक थेंब न सांडता टाकी भरली.

तापलेलं इंजिन सुरू झालं. पांढरा धूर आला. खडखड वाजायला लागलं. हमदुल्लानं लॉरीखालून तो आवाज ऐकला आणि ‘बंद करा! बंद करा!’ ओरडत बाहेर सरपटला, पण साहेबाला बड्या साहेबांसमोर थांबायचं नव्हतं. त्यानं आणखी जोर दिला. मग कटकन आवाज झाला आणि पिस्टन जाम झाला. बडे साहेब हसले. गॉर्डन साहेब लालबुंद. ‘टाकी कुणी भरली?’

‘मी,’ नूरुद्दीन म्हणाला.

‘उद्याच्या लॉरीनं हा जाणार. खलास.’

हमदुल्लानं टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. घासलेट! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नूरुद्दीनला दंडाला धरून त्यानं तंबूमागे ओढत नेलं.

‘घासलेट ओतलंस? अरे, या यंत्राला मी पोटच्या पोरासारखं सांभाळलं! तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू मी?’

‘तुम्हीच म्हणालात गॅस भर.’

‘गॅसच म्हणालो! घासलेट म्हणालो काय?’

‘दुल्हाभाई, मी रोज संध्याकाळी गॅस भरतो. गॅसबत्तीत काय भरतात?’

हमदुल्लानं त्याचा दंड सोडला. गॅस भरणं म्हणजे घासलेट भरणं, हे त्याच्या अख्ख्या मुलखात लहान पोरगंसुद्धा सांगेल. फुजैराच्या कोळ्यांतही घासलेटला गाझच म्हणायचे. उभ्या सबख्यात पेट्रोलला गॅस म्हणणारे दोनच शहाणे होते, एक गॉर्डन साहेब आणि दुसरा त्याची नक्कल करणारा हमदुल्ला सारंग.

‘मग साहेबाला हे सांगितलं का नाहीस?’ आवाज अजून चढाच होता.

‘तुमचं नाव कसं घेऊ?’

‘माझ्यावर उपकार करतोस? माझ्यावर?’

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरमिटाच्या खोक्यातला जादा पिस्टन घालून त्यानं इंजिन जोडलं. एरवी असं काम करताना तो यंत्राशी लाडात बोलायचा, आज प्रत्येक नटाला शिवी घातली. इंजिन फुरफुरलं तसा तो गॉर्डन साहेबासमोर जाऊन उभा राहिला. मोडक्या इंग्रजीत, मधे हिंदी घुसडत, हातवारे करत त्यानं सगळं सांगितलं. शब्द माझा, चूक माझी, त्याची नाही.

साहेबानं ऐकून घेतलं. पाइप झाडला. ‘सांगितलंस ते बरं केलंस. पण बड्या साहेबांना एक माणूस काढला हे कळवायचंय. मेकॅनिक मला दुसरा मिळणार नाही. कॅम्पबॉय कुठेही मिळतो. तू कामाला लाग.’

लॉरीत बाकड्यावर नूरुद्दीन गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. हमदुल्ला खाली येऊन उभा राहिला. ‘सांगितलं मी त्याला. सगळं सांगितलं.’

‘ऐकलं मी,’ नूरुद्दीन म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. ‘तुमचं मन हलकं झालं ना? झालं तर मग! पेट्रोलला पेट्रोल म्हणायची लाज वाटली तुम्हाला. तुमची ऐट राहिली, नोकरी राहिली. मी हाफिजाला काय सांगू? मुलींना काय सांगू? बोला ना! रोज बोलता, आज बोला!’

आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर खेकसलेला माणूस, लॉरीची फळी धरून नुसता उभा.

‘हमदुल्ला!’ तिकडून साहेब ओरडला. ‘गॅस!’

हमदुल्ला वळला. मजूर वाट बघत होते. तो चालत साहेबापर्यंत गेला, खिशातला प्लगचा पाना काढून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘पेट्रोल. पेट्रोल म्हणतात त्याला. भर तूच.’

साहेब काहीतरी ओरडत राहिला. हमदुल्लानं मागे बघितलं नाही. तंबूतून ट्रंक उचलली, लॉरीत फेकली आणि पाठोपाठ वर चढला. नूरुद्दीन डोळे फाडून बघत होता. ‘दुल्हाभाई, हे काय करताय? साजिदा आपाला काय सांगाल?’

‘सरक!’ हमदुल्ला खेकसला. त्याचे डोळे भरून आले होते, त्याचाही त्याला राग आला होता. ‘सरक म्हणतो ना! अख्खं बाकडं तुझ्या बापाचं आहे काय?’