डुकराच्या कानामागे

टेक्ससमधल्या नेचेस नदीच्या काठी कुणाच्या शेतात रानडुकरं घुसली की पहिला फोन हार्लन प्रुइटला जायचा. जन्मभर त्यानं शाळेची बस चालवली, पण नाव झालं ते रिव्हॉल्व्हरमुळे. कुत्री डुकराचा कान धरून ठेवणार, हार्लन चिखलातून रांगत जाऊन दुसऱ्या कानामागे नळी टेकवणार. नळीचं तोंड जमिनीकडे, म्हणजे गोळी आरपार गेली तरी मातीत शिरेल. लांबून रायफलीनं मारणाऱ्यांना तो बायले म्हणायचा. माणूस तोंडाचा फाटका होता आणि मनानंही काही फार बरा नव्हता. शिकारीला त्याच्या बायकोचा भाऊ डब सोबत यायचा. चर्चच्या जेवणात चारचौघांसमोर त्याची लाज काढल्याशिवाय हार्लनला घास गोड लागत नसे.

बायको गेली आणि घरात ज्यूनी कुत्री तेवढी उरली. ती त्याच्या पायाशी झोपायची. तिच्याशी मात्र तो हळू आवाजात बोलायचा.

यंदा त्याचा उजवा हात थरथरू लागला. तो कॉफी डाव्या हातानं प्यायला लागला. हे कुणाला कळलं तर आपण संपलो, एवढीच त्याला धास्ती होती.

त्या सकाळी काटेरी झुडपांत ज्यूनीनं एका दांडग्या नराचा कान धरला. डबनं मागचे पाय उचलून धरले.

"दाजी, आज मी घालू का गोळी?"

"तू पाय धर. तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं!"

नळी टेकवली असती तर ती डुकराच्या कवटीवर टकटक वाजली असती आणि डबला हाताची थरथर कळली असती. म्हणून हार्लननं ती वीतभर लांब धरली आणि चाप ओढला. नळीचं तोंड वर उचललं गेलं. डुक्कर कोसळलं, पण गोळी त्याच्या मानेतून निघून पलीकडे ज्यूनीच्या पोटात घुसली.

तरी तिनं कान सोडला नाही. तसं त्यानंच शिकवलं होतं, वेताच्या छडीनं.

"सोड, बाई," तो म्हणाला. तेव्हा तिनं सोडला आणि शेपूट हलवत, मागचं अंग ओढत ती त्याच्याकडे आली. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं असावं.

"उचल तिला, डॉक्टरकडे नेऊ!"

"आतडी बाहेर आलीत, दाजी. संपवा."

हार्लननं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "डब, तू घाल. पाया पडतो तुझ्या."

डबनं हात खिशात घातले. "छे! तुमची कुत्री, तुमचाच मान."

हार्लननं डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि गोळी झाडली. ती जबड्याला लागली. ज्यूनी किंचाळली आणि त्याच्याच मांडीत तोंड खुपसू लागली.

"नळी टेकवा ना," डब म्हणाला. "कुणापासून लपवताय? तुमचा हात थरथरतो ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

हार्लननं नळी टेकवली.