दुष्काळातलं दुप्पट वांगं

वांग्याला काटे किती आणि आमच्या मळ्यात किस्से किती, मोजायला कधी कुणी बसलंच नाही! राहुरी तालुक्यात भाज्यांच्या नव्या जाती शोधणारा तो सरकारी मळा. मी तिथे असिस्टंट. माझ्या वर साहेब आणि सोबतीला फील्डमन बाबूराव, मजूर हौसाबाई अन् जीपचे ड्रायव्हर शकूरभाई.

*

साहेबांना समजावून सांगायचा भारी सोस. जामखेडचे शेतकरी मळा बघायला आले, तर त्यांना म्हणाले, "रोपात गुणसूत्रांचे दोन संच असतात. एक आईचा, एक बापाचा. क्वचित निसर्गच घोटाळा करतो आणि दोनाचे चार होतात! असं झाड दांडगं निघतं."

एक म्हातारबा उठले. "म्हंजी दोन आया, दोन बाप?"

"तसंच समजा!"

"मंग सातबाऱ्यावर नाव कुनाचं लावायचं?"

साहेबांनी चहा मागवला.

*

भलते पराग येऊ नयेत म्हणून आम्ही फुलांवर कागदी पिशव्या चढवायचो. पुण्याहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनी हौसाबाईंना विचारलं, "या टोप्या कशाला?"

"लेकी हायेत आमच्या. सायेबांनी ठरवल्याबिगर स्थळ येऊ देत न्हाई!"

*

मार्कर म्हणजे जात ओळखायची खूण. हिरव्या खोडाच्या आईला जांभळ्या खोडाचा बाप दिला, की खरा संकर जांभळा निघतो. हिरवं रोप दिसलं तर फसलं, उपटून टाका. हे काम बाबूरावांना दिलं. संध्याकाळी बघतो तर वाफा साफ!

"अहो, फक्त हिरवी उपटायची होती ना?"

"समदी हिरवीच हुती. आईशप्पथ!"

शकूरभाईंचा नवा हिरवा गॉगल अजून बाबूरावांच्या डोळ्यांवर होता.

*

आणि मग ते झाड सापडलं. जाड पानं, थोराड फूल. साहेबांनी मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजली. दुप्पट! निसर्गानं आपण होऊन केलेलं! साहेब उभं आयुष्य याचीच वाट बघत होते. असल्या झाडाला बी मुळातच कमी. एकच वांगं धरलं होतं. ते पिकून बी मिळालं तरच पुढे काही.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. विहिरीनं तळ गाठला. साहेबांनी हुकूम सोडला, "संध्याकाळी एक तांब्या, तोही मीच घालणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!"

पण झाड पिवळं पडत गेलं. साहेब जेवेनात. तांब्याचे दोन तांबे झाले, तरी झाड मान टाकतच होतं. एके सकाळी ते आडवं झालं. कोवळं वांगं मातीत. उकरलं तर मुळं कुजलेली, खाली नुसता चिखल!

हौसाबाई रडायलाच लागल्या. "मी आंगूळ सोडली हुती, सायेब. माज्या वाटनीचं हितं वतत हुते."

"मी म्हशीच्या पान्यातलं," बाबूराव म्हणाले.

"मी नमाजाआधीच्या वजूचं उरलेलं," शकूरभाई पुटपुटले.

मग सगळ्यांनी माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं.

साहेब कुणालाच रागावले नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुपारी तलाठी दुष्काळाची पाहणी करत आमच्याकडे आले.

"नुकसान काय, साहेब?"

"एक झाड."

"बरं. कारण दुष्काळच लिहू ना?"

साहेबांनी आम्हा चौघांकडे एकदा बघून घेतलं.

"नाही," ते म्हणाले, "अतिवृष्टी लिहा."