इद्वलची पाठ

इद्वल प्रॉसरने फुटबॉलच्या लीगमध्ये एकच गोल केला, आणि तोही पुढे पुसला गेला. शनिवार, २ सप्टेंबर १९३९. किनाऱ्यावरच्या शहरातल्या क्लबकडून खेळताना चोवीस वर्षांच्या इद्वलने डाव्या बाजूने धावत जाऊन चेंडू जाळ्यात धाडला. दुसऱ्या दिवशी लोक रविवारची प्रार्थना आटोपून चॅपलमधून बाहेर पडेपर्यंत युद्ध जाहीर झालं होतं. हंगाम बंद, करार रद्द, आणि खेळलेले तीन सामने खेळलेच नव्हते असं वरच्यांनी ठरवून टाकलं. इद्वल मुकाट्याने दरीतल्या घरी परतला आणि बापाने जन्मभर उपसलेल्या कोळशाच्या खाणीत उतरला.

आमच्या खाणवाल्यांचा एक पक्का समज होता: पाठ धुवायची नाही, कणा मऊ पडतो. कामावरून आल्यावर चुलीपुढे पत्र्याच्या टबात बसून तोंड, छाती, हात लख्ख करायचे. पाठ मात्र काळी ठिक्कर, तिला फक्त कोरडं फडकं. इद्वलला तर याची दुप्पट धास्ती. बाकीच्यांना पाठ कोळसा फोडायला हवी होती, त्याला युद्ध संपल्यावर खेळायला. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाहीत, तशी त्याने सात वर्षं ती पाठ जपली.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात क्लबचं पत्र आलं. शनिवारी चाचणी सामना.

"तिथे सामना संपला की सगळे आंघोळीला एकाच हौदात उतरतात ना?" आदल्या संध्याकाळी त्याची बायको मेन्ना म्हणाली. "तू उतरलास की हौदाची शाई होईल. आज पाठ धुतल्याशिवाय सोडणार नाही."

"अगं, पण कणा..."

"कणा घेऊन जा, काजळी इथे ठेव."

कोपऱ्यात बशीतून चहा फुरकत बसलेला म्हातारा बाप, गोमर, खवळला. "धू गं, धू! घोडं शर्यतीला न्यायचं आणि आधी त्याचे नाल उपटायचे!"

मेन्नाने ऐकलं नाही. तीनदा पाणी बदलून तिने नवऱ्याची पाठ गोरी केली.

सामन्यात चेंडू ओळखीचाच होता, पण दर वेळी तो अर्धं पाऊल पुढे निघून जायचा. शेवटी मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रॉसर, डोकं अजून खेळतंय. पाय नाही खेळत. ती सात वर्षं मी कुठून आणून देऊ?"

घरी आल्यावर इद्वल एवढंच म्हणाला, "नाही जमलं."

"सांगत होतो!" गोमरने सुनेकडे पाहिलं.

इद्वल गप्प राहिला. इथेच त्याचं चुकलं, आणि ते त्याला कळतही होतं. पण एकतिसाव्या वर्षी आपण म्हातारे झालो हे मान्य करण्यापेक्षा वड्याचं तेल वांग्यावर निघालेलं बरं होतं. दोन दिवसांत गोष्ट दरीभर झाली. खाटकाच्या रांगेत बायका मेन्नाला विचारायच्या, "काय गं, कुठल्या साबणाने धुतलंस नवऱ्याचं फुटबॉल?" तीही हसून वेळ मारून न्यायची.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने नेहमीसारखं टबात पाणी ओतलं, साबण दिला आणि पाठीसाठी कोरडं फडकं पुढे केलं.

"खरंच माझ्यामुळे झालं का रे?"

टिंगल ती सहज झेलते आहे, असं इद्वल समजत होता. ही तर ते खरं धरून बसली होती.

"बाबा," तो टबातूनच कोपऱ्यातल्या गोमरला म्हणाला, "पाठ ठणठणीत होती. पाय संपलेत माझे. लहान पोरंसुद्धा मला मागे टाकत होती. हिचा काही दोष नाही, आणि हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"पण कणा, लेका..."

"आता कशासाठी जपू तो?" त्याने फडकं बाजूला ठेवलं. "मेन्ना, ये. धू पाठ. मानेपासून खालपर्यंत."

ती साबण घेऊन त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली. गोमर उठला, चुलीवरची किटली उचलली, गार पाणी घालून सोसवेल ना ते बोटाने पाहिलं आणि लेकाच्या पाठीवर हळूहळू ओतू लागला.