दाताच्या डॉक्टरची बोटं गेली तर विमा काय देणार?

आणि वर तो विमा एजंट मलाच म्हणतो, "मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?" अरे, चौथी शिकले म्हणून काय झालं, विचारायला तोंड आहे ना मला!

माझी लेक दातांची डॉक्टर, माणिकपूरला दवाखाना आहे तिचा. दुखण्याने काम बंद पडलं तर दरमहा पैसे मिळतील, असा विमा ती आज दुपारी घेत होती. एजंट पास्कू आमच्याच चर्चमधला. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसतो, म्हणून आमच्या गिरीज गावात सगळे त्याच्या कागदावर न वाचता सही करतात. मीपण केलीय.

लेकीने पेन उघडलं तेवढ्यात मी विचारलं, "पास्कू, हिची बोटं वाकडी झाली, दात काढता येईना, तर पैसे देणार ना?"

"तसं नाही मावशी. कुठलंच काम जमत नसेल तरच. दुसऱ्याच्या दवाखान्यात बसून पेशंटची नावं तर पुकारता येतील ना?"

"एवढं शिकून नावं पुकारू?" लेक ओरडली आणि पेन बंद केलं. मला तर नाचावंसं वाटलं!

मग पास्कू कबूल झाला. फक्त आपलं काम बंद पडलं तरी पैसे देणारा विमाही असतो म्हणे, हप्ता जास्त. आधी का नाही बोललास? तर म्हणे, "कोणी विचारलंच नाही."

ग्रुपवरच्या डॉक्टरांनो, आपापले कागद आत्ता काढा. त्यात 'आपलं काम' लिहिलंय की 'कुठलंही काम'? रविवारी मिस्सानंतर पास्कू नवे कागद घेऊन येतोय. लेकीने सही करायच्या आत, शनिवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.