आईची शिकवणी

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. दगडालाही बोलतं करीन, असा माझा तोरा. म्हणून आईचे शब्द हरवायला लागले तेव्हा मी घाबरले नाही, पदर खोचला.

आई तळेघरच्या वरच्या वाडीतली. शाळेचं तोंडही न पाहिलेली, पण भाताच्या खाचरात उभी राहून पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी भांडेल असा आवाज. वडील गेल्यावर तिला मी नारायणगावला आणलं. दोनेक वर्षांत वस्तूंची नावंच तिच्या तोंडातून जायला लागली. तांब्या म्हणजे 'त्ये पाण्याचं', विळी म्हणजे 'त्ये कापायचं'. पुण्याच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला, गोळ्या दिल्या आणि फार आशा ठेवू नका म्हणाले. माझं डोकंच फिरलं. माझी आई आहे ती, सडक्या टोमॅटोचा क्रेट नव्हे सोडून द्यायला!

शेजारच्या भाऊंची वाचा अर्धांगवायूनं गेली होती. चित्रं दाखवून, रोज घोकून घेऊन त्यांना बोलतं केलेलं मी पाहिलं होतं. मग मी शाळेचे जुने तक्ते काढले. सकाळचा चहा झाला की आईला समोर बसवायची. "आये, हे काय? नीट बघ. कालच सांगितलं होतं ना?" ती चित्राकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे.

"न्हाई येत गं मला."

"येतं. आळस करू नकोस."

आईला म्हणाले मी हे. जीभ कशी झडली नाही माझी!

एके दिवशी ती तक्त्याकडे बघेचना. तिचं एकच चाललं होतं, "म्हसरं आली का? म्हसरं आली का?" म्हशी विकून कैक वर्षं झालेली. दहाव्यांदा ऐकलं आणि माझ्या तोंडून वर्गातल्या सवयीनं निघालं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" करूनही दाखवलं. तिनं मुकाट्यानं घडी घातली, बोट ओठावर ठेवलं. मला हसू आलं. सूनबाई दारात उभी होती, ती हसली नाही.

पुढं आईला पाणी पिताना ठसका लागायला लागला. गिळण्याचं आणि बोलण्याचं एकच माणूस बघतं असं कळलं, म्हणून आळेफाट्याला एका दवाखान्यात येणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे नेलं. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. मी मोठ्या ऐटीत आईच्या उत्तरांची, बरोबर-चूक खुणांची वही तिच्यापुढं टाकली. तिनं दोन पानं चाळली आणि मिटून ठेवली.

"ताई, भाऊंच्या मेंदूला एकदाच घाव बसला. उरलेला मेंदू धड होता, तो शिकला. आजींचा रोज थोडा थोडा वाळतोय. नवं साठवायची ताकदच गेलीय. 'हे काय' म्हटलं की त्या अंदाज करतात, चुकतात, आणि ती चूकच सवयीनं पक्की होते. परीक्षा घेऊ नका. वस्तू हातात द्या, नाव तुम्हीच घ्या. हातांना अजून बरंच आठवत असतं." मग जरा अडखळून म्हणाली, "काय घडलं ते त्या विसरतात हो. तेव्हा काय वाटलं, ते मात्र राहतं."

तक्ते त्याच दिवशी बंबात घातले. वहीसुद्धा.

त्या आठवड्यात सूनबाईनं आईपुढं परात ठेवली. "आजी, हे नाचणीचं पीठ. हे पाणी. मळू या." मी बाहेर कपडे वाळत घालत होते. कितीतरी दिवसांनी आतून तोच खाचरातला आवाज आला, "आगं, पाणी लई झालं! भाकर थापणार का आंबील करणार?"

हातातला पिळा तसाच टाकून मी आत धावले. "आये!"

तिनं वर पाहिलं. मी तिची लेक आहे हे तिला केव्हाच आठवेनासं झालं होतं. पण भरल्या हातांनी तिनं घाईघाईनं घडी घातली आणि पिठाचं बोट ओठावर ठेवलं. "आजी, बोला ना, काय न्हाई व्हत," सूनबाई म्हणाली. आई माझ्याकडे बघत गप्प बसून राहिली.

त्याला आता वर्ष होईल. दुपारी परातीशी बसली की ती अजून दोन-चार शब्द बोलते. मी दाराआड उभी राहून ऐकते.